व्हायरस, न्यूक्लिओटाइड आणि केळीचं पान: सेमिनारला उभं राहण्याआधी या चुका टाळा

मागच्या फेब्रुवारीत जळगावला एमएस्सीच्या पोरांच्या सेमिनारला बसलो होतो. एका पोराने विषय घेतलेला 'व्हायरस होस्ट सेलचा न्यूक्लिओटाइड मेटाबॉलिझम कसा बदलतो' (न्यूक्लिओटाइड म्हंजे डीएनए-आरएनएची एकेक वीट, होस्ट म्हंजे ज्या सेलमधे व्हायरस शिरतो ती), पोरगा रावेरकडचा, घरी केळी, म्हणून पहिल्याच स्लाइडवर हरण्या रोग लागलेल्या केळीच्या पानाचा फोटो, पिवळे पट्टे एकदम झकास दिसत होते, आणि खाली लिहिलेलं की सीएमव्ही सेलमधलं पिरिमिडीन (न्यूक्लिओटाइडच्या दोन जातींतली एक, दुसरी प्युरीन) वाढवतो आणि त्यावर गॅन्सायक्लोव्हिर हे व्हायरसवरचं औषध चालतं. मी शेजारच्या मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे. केळीवरचा सीएमव्ही म्हंजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, मावा पसरवतो तो, आरएनएवाला. गॅन्सायक्लोव्हिरचा सीएमव्ही म्हंजे सायटोमेगॅलो, माणसातला, हर्पीसच्या खानदानातला, डीएनएवाला. तीन अक्षरं सोडली तर दोघांची ओळखदेख पण नाही. मागून कोणीतरी अहिराणीत पुटपुटलं, "हाई काय शे भो?" आणि सगळा हॉल हसला.

पण खरं सांगू का, ही चूक बरी, लगेच पकडली गेली. या विषयातल्या बाकीच्या चुका दिसायला शहाण्यासारख्या असतात, ग्राफसकट येतात, परीक्षक पण मान हलवतो, आणि मग पोरगं तीच चूक घेऊन पीएचडीला जातं. यातल्या निम्म्या मी स्वतः केल्यात, सेल कल्चरच्या लॅबमधे काही वर्षं घासलीयेत, त्यामुळे वरून बोलतोय असं समजू नका. आणि जवळजवळ सगळ्या चुकांचं मूळ मला एकाच ठिकाणी सापडलं: व्हायरसबद्दल बोलताना आपण सेलला विचारायचं विसरतो की बाई, तू झोपलेली आहेस की विभाजन करून राहिलीस?

आधी स्वयंपाकघर बघा, मग पाहुणा

सेलकडे न्यूक्लिओटाइड मिळवायचे दोन रस्ते. डी नोव्हो म्हंजे ज्वारी दळण्यापासून भाकरी. प्युरीनसाठी पीआरपीपी नावाच्या साखरेच्या साच्यावर ग्लुटामिन, ग्लायसिन, ॲस्पार्टेट आणि फोलेटवरून येणारे एकेक कार्बन चढवत चढवत १० पायऱ्यांनी आयएमपी बनतो, त्यातून पुढे एएमपी आणि जीएमपी. पिरिमिडीनचं उलटं, तिथे आधी रिंग तयार होते आणि साखर नंतर जोडली जाते, पहिल्या तीन पायऱ्या कॅड नावाच्या एकाच लांबलचक प्रोटीनवर, चौथी डीएचओडीएच हे एन्झाइम करतं जे मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यात बसलेलं असतं, आणि शेवटच्या दोन यूएमपीएसवर. दुसरा रस्ता सॅल्वेज, म्हंजे रात्रीच्या उरलेल्या भाकरीचा कुटका फोडणीला टाकायचा. तुटलेल्या डीएनए-आरएनएमधून किंवा बाहेर रक्तातून आलेला तयार बेस किंवा न्यूक्लिओसाइड (बेस अधिक साखर, फॉस्फेटविना) उचलायचा, त्याला फॉस्फेट लावायचा, झालं काम.

आणि डीएनएसाठी वरून अजून एक पायरी लागते. रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज, आपण आरएनआर म्हणू, हे एन्झाइम रायबोचं डीऑक्सी करतं. विभाजन न करणाऱ्या सेलमधे, म्हंजे न्यूरॉन, मॅक्रोफेज, लिव्हरचा शांत बसलेला सेल, यांच्यात आरएनआरचा एस-फेजवाला (विभाजनाआधी सेल डीएनए कॉपी करते तो टप्पा) छोटा भाग आणि टीके१, म्हंजे थायमिडीन कायनेज, हे सॅल्वेजचं एन्झाइम जवळपास बंद असतात. डीएनटीपी, म्हंजे डीएनए बनवायचा तयार माल, अगदी दुरुस्तीपुरतं आणि मायटोकाँड्रियापुरतं. घरात दोन माणसं, कुटक्यावर भागतंय.

आता समजा या घरात अचानक ५०० माणसांची भरीत पार्टी ठेवली. कुटक्यावर होईल का? वांगी कोण भाजणार, भाकऱ्या कोण थापणार?

इथे व्हायरसांच्या वेगवेगळ्या जाती दिसायला लागतात. काही स्वतःची चूल आणि आचारी घेऊनच येतात. हर्पीस सिम्प्लेक्स स्वतःची थायमिडीन कायनेज आणतो, स्वतःचं आरएनआर आणतो, डीएनएमधे चुकून युरॅसिल जाऊ नये म्हणून डीयूटीपेज पण आणतो. कांजिण्यांचा व्हायरस तर वरून थायमिडिलेट सिंथेज पण घेऊन येतो. का? कारण हे शेवटी न्यूरॉनमधे राहणारे लोक, तिथे घरचं काही मिळणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. काही जण चूल आणत नाहीत, झोपलेल्या घरच्यांना उठवतात: एचपीव्हीचं (मस आणणारा व्हायरस) ई७, ॲडेनोव्हायरसचं ई१ए, एसव्ही४० या माकडातल्या व्हायरसचं लार्ज टी, तिघंही सेलचं विभाजन रोखून धरणाऱ्या आरबी प्रोटीनला पकडतात, आरबीने दाबून धरलेला ई२एफ सुटतो आणि तो आरएनआर, टीके१, थायमिडिलेट सिंथेज, डीएचएफआर अशा सगळ्या डीएनटीपी बनवायच्या एन्झाइमचे जीन चालू करतो. सेलला वाटतं एस-फेज आली. मिरचीवर जो चुरडा-मुरडा येतो, नंदुरबारवाल्यांना सांगायला नको (थ्रिप्स-कोळीने पण पान वळतं, ते वेगळं, मी लीफ कर्ल व्हायरसचं बोलतोय), तो ज्या जेमिनीव्हायरस कुळातला आहे त्यातल्या कित्येकांचं रेप प्रोटीन झाडातल्या आरबीलाच जाऊन चिकटतं. माणसाच्या मस्याचा व्हायरस आणि मिरचीचा व्हायरस, एकमेकांचं तोंड न बघता तीच युक्ती. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती.

तिसरी जात पार्व्होची. याच्याकडे ना चूल ना उठवायची ताकद, हा बाहेर ओट्यावर बसून वाट बघतो, की घरात आपोआप लग्न कधी निघतंय. म्हणून कुत्र्याच्या पिल्लांना पार्व्हो झाला की आतड्यातले सतत वाढणारे सेल आणि बोनमॅरो खलास, रक्ताची हगवण, पांढऱ्या पेशी खाली. तो तिथेच का जातो याचं बरंचसं उत्तर तिथे एस-फेज फुकट मिळते हे आहे. आणि एचआयव्ही-१ हा चौथा, थोडक्यात भागवणारा, त्याचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) मॅक्रोफेजमधल्या अगदी तुटपुंज्या डीएनटीपीवर पण रेटून काम करतं.

सायटोमेगॅलो (माणसातला, केळीचा नाही) मधलाच. त्याच्याकडे टीके नाही, चालणारं आरएनआर नाही, त्याचं यूएल९७ कायनेज आरबीवर फॉस्फेट लावून घर जागं करतं, पण घरचं स्वतःचं डीएनए बनणं मात्र तो अडवून धरतो. घरच्यांना उठवून राबवायचं आणि ताट मात्र त्यांना वाढायचं नाही.

चूक: "व्हायरस न्यूक्लिओटाइड चोरतो"

दर सेमिनारला हे वाक्य असतं. चोरी म्हटलं की डोळ्यासमोर साठा येतो, कोठीत पोती भरलेली आहेत आणि चोर ती उचलून नेतोय. अरे पण कोठी आहेच कुठे! आपल्या विभाजन करणाऱ्या सेलमधे सुद्धा एका वेळी जेवढं डीएनटीपी असतं ते डीएनए कॉपी करायला काही मिनिटंच पुरतं, आणि एस-फेज तर साधारण ८ तासांची असते. म्हंजे सेल साठ्यावर जगत नाही, चालू धारेवर जगते. तुमच्या शेतात शेततळं नाहीये, बोअर थेट ठिबकला जोडलेली आहे. व्हायरसला धार वाढवावी लागते, तळं लुटून काही होत नाही.

खरी चोरी करणारा एक आहे, टी४ फाज, म्हंजे बॅक्टेरियाला लागणारा व्हायरस. तो ई. कोलाय बॅक्टेरियाचा डीएनए तोडून त्याचे न्यूक्लिओटाइड वापरतो, हे पाठ्यपुस्तकात आहे आणि खरं आहे. पण जरा पाटीवर हिशोब करा. ई. कोलायचा क्रोमोसोम ४६ लाख बेसपेअरचा, टी४ चा जीनोम साधारण १,६९,००० चा. भागाकार केला तर एका क्रोमोसोममधून २७ फाज. आणि फुटतात किती? शंभराच्या वर. मग उरलेले कुठून आले? तर टी४ स्वतःचं आरएनआर, थायमिडिलेट सिंथेज, डीएचएफआर सगळं घेऊन येतो आणि नव्याने बनवतो. त्यात गंमत म्हंजे त्याच्या डीएनएमधे साधं सायटोसीन नसतंच, हायड्रॉक्सीमिथाइल सायटोसीन असतं (हे १९५० च्या दशकातच कळलं होतं), त्यामुळे साधं डीसीटीपी (सायटोसीनवालं डीएनटीपी) त्याला उलट नकोच असतं, ते तोडायला त्याने वेगळं एन्झाइम ठेवलंय. असा कुठे चोर असतो का, जो कोठीतलं एक पोतं मुद्दाम फेकून देतो?

स्लाइडवर 'चोरतो' खोडून 'बनवायचा वेग बदलतो' लिहा. कोणत्या रस्त्याचा वेग, कोणत्या एन्झाइमवर, हे पुढचे प्रश्न मग आपोआप सुचतात.

चूक: लग्नघरात जाऊन विचारायचं की घर जागं कोणी केलं

ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक, म्हणून इथे जरा थांबतो.

पोरं प्रोजेक्ट लिहितात: अमुक व्हायरस ई२एफ चालू करून आरएनआर वाढवतो का ते बघू. छान. सेल लाइन (लॅबमधे कायम वाढत राहणाऱ्या सेल) कोणती? हीला. किंवा एचईके२९३, कारण ती वाढते पटापट आणि शेजारच्या लॅबकडे आहे. आता हीला म्हंजे काय, १९५१ मधे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमधून घेतलेली लाइन, तिच्यात एचपीव्ही-१८ चे ई६ आणि ई७ आधीच बसलेले आहेत आणि चालू आहेत. २९३ मधे ॲडेनोव्हायरस-५ चं ई१ए आहे, तिला बनवलंच तसं. २९३टी मधे त्यावर एसव्ही४० चं लार्ज टी. म्हंजे वर ज्या तीन जणांची नावं सांगितली ना घर उठवणाऱ्यांची, ते तिघं तुमच्या डिशमधे इन्फेक्शन करण्याच्या आधीपासून जेवायला बसलेले आहेत! आरबी आधीच पकडलेला, ई२एफ आधीच मोकळा, आरएनआर-टीके१ आधीच वाढलेले. तिथे तुमचा व्हायरस टाकून काहीच फरक दिसला नाही तर निष्कर्ष काय काढणार, की व्हायरस काही करत नाही? आणि उलट पण होतं, हर्पीसचं आरएनआर काढून टाकलेला म्युटंट हीलामधे ठीकठाक वाढतो आणि पोरगं लिहितं की हे जीन गरजेचं नाही. विभाजन करणाऱ्या सेलमधे गरजेचं नाही हो, तिथे घरचं आहे. तोच म्युटंट सीरम (सेलला वाढवणारा रक्तातला द्रव) काढून शांत बसवलेल्या सेलमधे टाका, नाहीतर उंदरात टाका, लगेच लंगडायला लागतो.

आणि याच लंगडेपणाचा कोणीतरी उपयोग करून घेतला. हर्पीसचं आरएनआर बंद केलं की तो नॉर्मल शांत सेलमधे वाढत नाही पण कॅन्सरच्या सेलमधे वाढतो कारण तिथे डीएनटीपी भरपूर. जपानमधे २०२१ ला मेंदूच्या ग्लिओमासाठी जी४७डेल्टा नावाचा असा बदललेला हर्पीस व्हायरस मंजूर झाला, त्यात जे बदल केलेत त्यातला एक हाच आहे. टीके काढलेला व्हॅक्सिनिया पण याच कल्पनेवर तपासला गेला. म्हंजे जो फरक तुमच्या हीलामधे दिसत नाही त्यावर औषध उभं राहिलं.

काय करायचं? प्रायमरी फायब्रोब्लास्ट (शरीरातून थेट घेतलेल्या सेल) घ्या, डिश पूर्ण भरू द्या, सीरम कमी करून दोन-तीन दिवस शांत करा, मग इन्फेक्शन. आणि कंट्रोल पण तसाच शांत पाहिजे. मी बघितलेल्या एका थिसिसमधे कंट्रोल सेल वाढत होते आणि इन्फेक्टेड सेल वाढायचे थांबले होते, आणि आख्खा चॅप्टर होता की व्हायरस डीएनटीपी कमी करतो. व्हायरसने काही केलं नव्हतं हो, मोजायला दोन वेगळी घरं घेतली होती.

चूक: नाव सारखं म्हणून काम सारखं

२०२२ ला लंपी आला तेव्हा आमच्याकडे गुरांचे बाजार बंद पडले, गायींना गोट पॉक्सची लस टोचली जात होती, तेव्हा मला एका ओळखीच्याने रात्री फोन केला. दादा, तुम्ही त्या व्हायरसचं शिकवता ना, लंपीच्या व्हायरसमधे पण थायमिडीन कायनेज असतं म्हणे, मग हर्पीसवरचं ॲसायक्लोव्हिर का देत नाहीत? प्रश्न चुकीचा नव्हता बरं का, अर्धं वाचलेल्या हुशार माणसाचा प्रश्न होता.

उत्तर असं की ॲसायक्लोव्हिरला पहिला फॉस्फेट लावतं ते हर्पीसचं टीके, आणि ते टीके मोकळ्या हाताचं आहे, थायमिडीनशिवाय दुसऱ्या बऱ्याच गोष्टी पकडतं. पुढचे दोन फॉस्फेट सेलचेच कायनेज लावतात, मग ते डीएनए पॉलिमरेजला अडकवतं. निरोगी सेलमधे पहिलाच फॉस्फेट नीट लागत नाही म्हणून औषध तिथे गप्प राहतं. गर्ट्रूड एलियनला १९८८ चं नोबेल हिचिंग्ज आणि ब्लॅकसोबत मिळालं ते औषध शोधायच्या याच पद्धतीसाठी, न्यूक्लिओटाइडच्या रस्त्यात नेमकं कुठे बोट घालायचं हे बघून. पण पॉक्सचं टीके वेगळ्या घराण्यातलं, ते आपल्या टीके१ सारखं आहे, चोखंदळ, ॲसायक्लोव्हिर त्याला चालत नाही. नाव टीके, पण किल्ली दुसऱ्या कुलपाची.

मराठीत इथे अजून एक घोळ होतो. कांजिण्या आणि देवी, दोन्हींना घरोघरी आई-आजी एकाच सुरात बोलतात, अंगावर फोड आले की झालं. कांजिण्यांचा व्हायरस हर्पीसचा भाऊ, ॲसायक्लोव्हिर चालतं. देवी आणि लंपी पॉक्सचे, नाही चालत. फोडावरून व्हायरसचं कूळ ठरवू नका.

सायटोमेगॅलोकडे तर टीके नाहीच, तिथे गॅन्सायक्लोव्हिरला पहिला फॉस्फेट लावतं यूएल९७, हो तेच आरबीवालं. आता मजा बघा, २०२१ मधे अमेरिकेत मंजूर झालेलं मॅरिबॅव्हिर हे औषध यूएल९७ लाच बंद करतं, म्हणून ते आणि गॅन्सायक्लोव्हिर सोबत द्यायचं नसतं, एक जण दुसऱ्याची किल्लीच काढून घेतो. एवढा एक मुद्दा व्हायव्हात नीट सांगितला तर मी तरी पूर्ण मार्क देतो.

आरएनआरचंही तेच. उंदराच्या सायटोमेगॅलोचं एम४५ आणि माणसाच्या सायटोमेगॅलोचं यूएल४५, सिक्वेन्स बघितला की आरएनआरचा मोठा भाग वाटतो, डेटाबेस पण तसंच लिहितो, पण आरएनआरचं काम दोघंही करत नाहीत. एम४५ सेलला नेक्रोप्टोसिसने मरू देत नाही, ही त्याची खरी नोकरी. एपस्टाइन-बार व्हायरसचं बीओआरएफ२ तर आरएनआरचा भाग असून शिवाय सेलच्या अपोबेक३बी ला पकडून ठेवतं, नाहीतर ते व्हायरसच्या डीएनएत म्युटेशन करतं. ब्लास्टचा (सिक्वेन्स जुळवणारा प्रोग्राम) रिझल्ट म्हंजे आधारकार्ड नाही.

जाता जाता, आरएनआरवरून आठवलं. हायड्रॉक्सीयुरिया आरएनआरला थांबवतं, आणि आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, सिकलसेलवाल्यांच्या घरात ही गोळी ओळखीची आहे. तिथे ती पेशंटच्या रक्तात गर्भावस्थेतल्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढवायला देतात, डॉक्टर रक्ताच्या पेशी मोजत मोजत डोस ठरवतात. एका पोरीने सेमिनारमधे सरळ लिहिलं की सिकलसेलचे पेशंट या गोळीमुळे व्हायरसपासून सुरक्षित असतात. असा बाण काढू नका. डिशमधे एन्झाइम अडणं आणि माणूस आजारी न पडणं यात लांब अंतर आहे, आणि असं वाक्य गावात पोचलं की त्याचं काय होतं ते आपण कोरोनात बघितलंय.

चूक: आरएनए व्हायरस आहे म्हणून डीएनटीपीचं बघायला नको

एका ओळीत: एचआयव्हीचा जीनोम आरएनए आहे आणि त्याला डीएनटीपीच लागतं. सेलकडे सॅमएचडी१ नावाचं एन्झाइम आहे जे मॅक्रोफेजमधे डीएनटीपी फोडून साठा खाली ठेवतं, एचआयव्ही-२ चं व्हीपीएक्स त्या एन्झाइमलाच कचऱ्यात पाठवतं, आणि एचआयव्ही-१ कडे व्हीपीएक्स नाहीच. हे २०११ ला उलगडलं. उलट बाजूने हिपॅटायटिस बी, जीनोम डीएनएचा पण कॉपी आरएनएवरून करतो, आणि शांत लिव्हर सेलमधे आरएनआरचा छोटा भाग वाढवून घेतो. तसंच डीएनए व्हायरस म्हंजे न्यूक्लियस असंही नाही, पॉक्स आख्खं काम सायटोप्लाझममधे उरकतो. जीनोमचा प्रकार लिहिलात म्हणून गरज कळली असं होत नाही.

आणि साधे आरएनए व्हायरस पण गप्प बसत नाहीत. कोरोनाचा सार्स-सीओव्ही-२ सेलचं फोलेट आणि एक-कार्बनचं काम प्युरीन बनवण्याकडे वळवतो, म्हणून डिशमधे फोलेटचं काम अडवणाऱ्या मेथोट्रेक्सेटने तो अडला. (यावरून फॉलिक ॲसिड बंद करा असा एक फॉरवर्ड मला आला होता, गरोदर बाईच्या ग्रुपवर. कपाळावर हात मारला.)

चूक: पातळी वाढली म्हणजे उत्पादन वाढलं

टाकी भरलेली दिसली तर नळाला पाणी जास्त आलं असेल, किंवा घरात कोणी अंघोळच केली नसेल. व्हायरसने सेलचं डीएनए बनवणं बंद पाडलं की डीएनटीपी साचतं, त्यात नवीन काही बनलेलं नसतं. मास स्पेकचा (रेणू मोजायचं मशीन) एक आकडा ही टाकीची पातळी आहे, धार मोजायची तर लेबल लावून ट्रेस करावं लागतं. ग्लुकोजचा १३-कार्बन रायबोजमधे किती गेला, ग्लुटामिनच्या अमाइडचा १५-नायट्रोजन रिंगमधे किती गेला, आणि किती वेळात गेला. असंच ट्रेस करून कळलं की हर्पीस सिम्प्लेक्स आणि सायटोमेगॅलो एकाच कुळातले असून वेगळे वागतात, पहिला ओढतो पिरिमिडीनकडे, दुसरा ग्लायकोलिसिस आणि टीसीए (साखर जाळायचे रस्ते) वाढवून फॅटी ॲसिडकडे. नुसत्या पातळ्या बघून हे सुटलं नसतं.

दुसरं, दिसलेला प्रत्येक बदल व्हायरसच्या नावावर टाकायचा नाही. सेल काय हातावर हात ठेवून बसलीये का? इंटरफेरॉन (सेलची व्हायरसविरुद्धची हाक) आला की व्हायपेरिन बनतं, ते सीटीपीचं (आरएनएची एक वीट) असं रूप करतं जे झिकासारख्या व्हायरसच्या पॉलिमरेजला मधेच थांबवतं. बॅक्टेरियासुद्धा फाज आला की स्वतःचंच डीसीटीपी किंवा डीजीटीपी फोडून टाकतात, चला, मी उपाशी पण तू पण उपाशी. मग तुमचा बदल व्हायरसने केला की सेलने त्याच्याविरुद्ध केला? युव्हीने मारलेला व्हायरस एका डिशमधे, नुसता इंटरफेरॉन दुसऱ्या डिशमधे, एवढे दोन कंट्रोल ठेवले तरी अर्धं भांडण मिटतं. मॉक, म्हंजे व्हायरस नसलेला कंट्रोल, म्हणून नुसतं ताजं मिडियम (सेलचं पातळ खाणं) टाकू नका. व्हायरसचा स्टॉक हा फुटलेल्या सेलचा रस्सा असतो, त्यात न्यूक्लिओसाइड असतात, सायटोकाइन असतात, सगळा मसाला. मॉकमधे इन्फेक्शन न केलेल्या सेलचा तसाच रस्सा टाका.

चूक: मिडियमची बाटली न वाचणं (ही माझी)

मी डीएचओडीएच अडवणारं एक केमिकल घेऊन काम करत होतो, पिरिमिडीन अडलं की व्हायरस अडला पाहिजे, पेपरमधे सगळीकडे अडतोय, माझ्याकडे ढिम्म. दोन महिने. डोस वाढवला, नवीन बाटली मागवली, सप्लायरला शिव्या दिल्या, व्हायरसला शिव्या दिल्या. शेवटी एका सीनियरने सीरमची बाटली उचलून विचारलं, ही डायलाइज केलेली, म्हंजे बारीक रेणू काढलेली, आहे का? नव्हती. साध्या सीरममधे युरिडीन (पिरिमिडीनचा तयार न्यूक्लिओसाइड) असतं, सेल ते उचलून सॅल्वेजने मजेत जगत होती, मी पुढच्या दारावर कुलूप लावून बसलो होतो आणि मागचं दार उघडं. तसंच एफ-१२ मिडियममधे हायपोझँथीन (प्युरीनचा तयार बेस) आणि थायमिडीन मुळातच टाकलेलं असतं, म्हंजे डीएमईएम-एफ१२ च्या मिक्समधे पण. अल्फा-एमईएम न्यूक्लिओसाइडसकट पण मिळतं आणि त्याविना पण, बिलावर दोन्ही सारखंच दिसतं. प्युरीनचं काम करायचं आणि एफ-१२ वापरायचं म्हंजे उपास धरून साबुदाण्याची खिचडी दोन ताटं खायची.

आणि हीच गोष्ट शरीरात पण होते, म्हणून डिशमधे भारी चाललेले डीएचओडीएचवाले कंपाउंड उंदरात गेले की कितीदा आपटतात. डेंग्यूवर हे झालेलं आहे. रक्तात कायम काही मायक्रोमोलर युरिडीन फिरत असतं, जेवणातून वेगळं. त्यामुळे डिशमधला रिझल्ट आला की 'औषध सापडलं' लिहायच्या आधी डिशमधे रक्ताइतकं युरिडीन टाकून परत बघा. युरिडीन टाकल्यावर व्हायरस परत आला तर निदान एवढं नक्की झालं की कंपाउंड पिरिमिडीनवरच काम करतंय, आणि कुठे आपटणार तेही आधीच कळलं.

भराभर काही

एमओआय (दर सेलमागे सरासरी किती व्हायरस टाकले) १ म्हंजे सगळ्या सेलला एकेक व्हायरस नाही. पॉइसाँच्या हिशोबाने ३७ टक्के सेल कोऱ्या राहतात. ३ ला ५ टक्के. ०.१ ला तर नव्वद टक्के कोऱ्या, आणि तुम्ही मोजता ती सरासरी मुख्यतः निरोगी सेलचीच. मेटाबॉलिझम मोजायचा तर ३ ते ५ ठेवा.

वेळ लिहा. ६ तासांचा आणि २४ तासांचा सेल दोन वेगळे प्राणी आहेत, उशिराच्या सेल फुटत असतात आणि आतलं सगळं मिडियममधे जातं. भागायचं कशाने हेही आधी ठरवा. सायटोमेगॅलोमधे सेल फुगते, मग सेल-काउंटने भागलं की सगळंच वाढलेलं दिसतं. मी सेल-काउंट आणि प्रोटीन दोन्ही लिहितो, दोन्हीत फरक पडला तर थांबून विचार करतो.

सेल काढताना ट्रिप्सिन लावून, सेंट्रिफ्यूज करून, मग पीबीएसने तीनदा धुऊन मग मिथेनॉल, असं करू नका. एटीपीचा साठा मिनिटाभरात फिरतो, तुम्ही धूत बसलात तोवर सेलने दुसरंच जेवण केलं. मिडियम ओता, डिशवरच सरळ उणे ८० वरचं ८० टक्के मिथेनॉल. आणि आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ डिग्रीत लाइट गेली की बर्फाच्या डब्यात पाणी होतं हे प्रोटोकॉल लिहिणाऱ्याला माहीत नसतं, सकाळी ७ ला काम उरका, एक्स्ट्रॅक्ट दुपारच्या भरवशावर टेबलावर ठेवू नका.

आणि मायकोप्लाझ्मा, सेल कल्चरमधे गुपचूप शिरणारा बारीक बॅक्टेरिया. हे सगळ्यात शेवटी तपासतात लोक, मी पण तसंच केलं. मायकोप्लाझ्माला स्वतःला प्युरीन-पिरिमिडीन नव्याने बनवता येत नाहीत, तो सॅल्वेजवर जगतो, म्हंजे तुमच्या डिशमधलं थायमिडीन-युरिडीन गपागप खातो आणि न्यूक्लिओसाइडसारखी औषधं पण तोडतो. मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, मिडियम गढूळ होत नाही, सेल वाढत पण राहते, फक्त आकडे दर आठवड्याला वेगळे येतात. रावेरच्या त्या पोराने परवा फोन केला की सर, युरिडीनचं रेस्क्यू (ते टाकल्यावर व्हायरस परत येणं) एकदा येतंय, एकदा नाही. मी म्हटलं सेल कुठून आणल्यास? म्हणे सीनियरच्या फ्रीजमधून, व्हायलवर तारीख पुसलेली आहे. आज त्याला पीसीआर लावायला बसवलंय.